मोडण्याचा अधिकार

जीर्ण झालेली वस्तू मोडावी की राखावी, हा प्रश्न मनुष्याच्या गृहस्थीइतकाच जुना आहे. देवस्थानाच्या महाजनांची सभा असो, वडिलार्जित घराचा वाद असो, की एखाद्या रूढीविषयीची चर्चा असो, तेथे दोन पक्ष हटकून उभे राहतात. एक पक्ष म्हणतो, पूर्वजांनी जे उभारले त्याच्या एका चिऱ्यालाही हात लावू नये. दुसरा म्हणतो, जुने पाडल्याखेरीज नवे उभे राहत नाही. तेव्हा आधी पाडा, पुढचे पुढे पाहू. दोघांचा आवेश परस्परविरुद्ध असला तरी त्यांचे गृहीत एकच असते. ते असे की, मोडणे आणि राखणे या दोन क्रिया एकमेकींच्या वैरिणी आहेत. हे गृहीतच तपासून पाहावे, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. त्यासाठी मी जो साक्षीदार उभा करणार आहे तो कोणत्याही पक्षाचा नाही आणि तो आपणा प्रत्येकाच्या देहातच आहे. तो साक्षीदार म्हणजे हाड.

हाड म्हणजे देहातील सर्वांत अचल वस्तू, अशी आपली परंपरागत समजूत आहे. वृत्रासुराच्या वधासाठी देवांना वज्र हवे होते, तेव्हा त्यांनी दधीची ऋषींकडे मागितल्या त्या त्यांच्या अस्थी. चिता विझल्यावर जे उरते ते हाड. म्हणूनच आपण ते वेचतो आणि तीर्थात सोडतो. आपल्या वैद्यकाने हाडांची गणनाही मोठ्या आस्थेने केली. चरकसंहितेत ती ३६० भरली, सुश्रुताच्या शल्यतंत्रात ३००. आजचे शारीरशास्त्र प्रौढ माणसात २०६ हाडे मोजते. दात, नखे आणि कूर्चा यांना हाडांत धरावे की नाही, यावर या आकड्यांतील पुष्कळसा फरक अवलंबून आहे. परंतु संख्येविषयी मतभेद असले तरी कल्पना सर्वांची सारखीच होती: हाडे म्हणजे देहरूपी घराचे खांब व तुळया, एकदा उभारल्या की घर पडेपर्यंत तशाच राहणाऱ्या.

ही कल्पना प्रथम डळमळली ती एका रंगाऱ्याच्या घरी. लंडनमधील शस्त्रवैद्य जॉन बेल्चियर यांच्या असे दृष्टीस पडले की, कापड छापणाऱ्या एका गृहस्थाकडील डुकरांची हाडे लालभडक झाली आहेत. कापडासाठी वापरलेल्या मंजिष्ठाच्या जातीच्या रंगात भिजलेला कोंडा त्या जनावरांच्या खाण्यात येत असे. बेल्चियर यांनी हे निरीक्षण १७३६ साली प्रसिद्ध केले. पुढे त्याच शतकात जॉन हंटर यांनी हाच रंग खाऊ घालून प्रयोग केले. हाडावर एकीकडे नवा थर चढत असतो आणि त्याच वेळी दुसरीकडचा जुना भाग झिजवून नेला जात असतो, हा निष्कर्ष त्यांनी मांडला. खांब उभा आहे, आणि तरीही तो सतत मोडला व बांधला जात आहे, हे विधान त्या काळी विलक्षणच होते.

परंतु हा व्यवहार कोणत्या रीतीने आणि कोणत्या वेगाने चालतो, हे कळावयास आणखी पावणेदोनशे वर्षे जावी लागली. याचे श्रेय ज्यांना मुख्यत्वे दिले जाते ते हॅरल्ड फ्रॉस्ट (१९२१–२००४) हे अमेरिकेतील डेट्रॉइट शहराच्या हेन्री फोर्ड रुग्णालयातील अस्थिशल्यवैद्य होते. टेट्रासायक्लिन नावाचे जंतुनाशक औषध पोटात गेले की ते नेमके त्या दिवसांत घडत असलेल्या हाडाच्या थरात जाऊन बसते आणि अतिनील प्रकाशात पिवळे चमकते. काही दिवसांच्या अंतराने ते दोनदा दिले, नंतर कमरेच्या हाडाचा लहानसा तुकडा काढून त्याचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, की दोन चमकत्या रेषा दिसतात. त्या दोन रेषांमधील अंतर मोजावे, म्हणजे तेवढ्या दिवसांत किती हाड बांधले गेले ते कळते. हाडाच्या पोटातच तारीख लिहून घेण्याची ही युक्ती होय. तिच्या आधारे फ्रॉस्ट यांनी १९६० च्या दशकात जे चित्र उभे केले ते आजही मुख्यतः मान्य आहे.

ते चित्र असे. हाडाची मोडतोड सर्वत्र एकदम होत नाही. ती लहान लहान जागी, ठरावीक क्रमाने, एका टोळीच्या हातून होते. प्रथम त्या जागी हाड कोरणाऱ्या कोशिका येतात. त्यांना ऑस्टिओक्लास्ट म्हणतात, आपण त्यांना अस्थिभंजक म्हणू. त्या आम्ल सोडून हाडातील चुना विरघळवितात आणि सुमारे दोन-तीन आठवड्यांत एक सूक्ष्म खळगा करून निघून जातात. त्यांच्यामागून बांधणाऱ्या कोशिका, म्हणजे ऑस्टिओब्लास्ट अथवा अस्थिजनक, त्या खळग्यात उतरतात आणि तीन-चार महिने खपून तो भरून काढतात. काम संपल्यावर त्यांतील काही स्वतःच बांधलेल्या भिंतीत गाडल्या जातात आणि तेथे वर्षानुवर्षे जिवंत राहतात; त्या झाल्या अस्थिकोशिका. प्रौढ माणसाच्या अस्थिपंजराचा सुमारे दहावा हिस्सा दर वर्षी अशा रीतीने नवा होतो. देहातील सुमारे ९९ टक्के कॅल्शियम हाडांत साठविलेले असते. रक्ताला ते कमी पडले तर याच कोठारातून काढले जाते. भार सोसून हाडात पडणाऱ्या बारीक भेगाही याच मार्गाने दुरुस्त होतात. तात्पर्य, हाड टिकते ते मोडले जात असल्यामुळे.

येथे वकिलाच्या मनात साहजिकच प्रश्न येतो: मोडण्याचा हुकूम देतो कोण? विशेष असे की, अस्थिभंजक हे हाडाच्या कुळातले नव्हेतच. त्यांची उत्पत्ती रक्ताच्या पांढऱ्या कोशिकांच्या वंशातून होते. ते एका अर्थी बाहेरून बोलाविलेले मजूर. १९८१ साली गिडिअन रोडान व जॅक मार्टिन यांनी असा तर्क मांडला की, या मजुरांना कामाला लावण्याचा अधिकार अस्थिजनकांच्या घराण्याकडे असावा. पुढे तर्काला पुरावा मिळाला. १९९७ व १९९८ या दोन वर्षांत दोन रेणू सापडले. एक रेणू अस्थिभंजकांना तयार करून कामाला लावतो; दुसरा पहिल्याला अडवून काम थांबवितो. हे दोन्ही रेणू अस्थिजनकांच्याच घराण्यातून निघतात. २०११ मध्ये उंदरांवरील संशोधनातून असेही दिसून आले की, प्रौढ हाडात कामाचा हुकूम मुख्यतः भिंतीत गाडल्या गेलेल्या अस्थिकोशिकांकडून सुटतो. ज्या कोशिका भार सोसतात आणि ज्यांच्याजवळ भेग पडते, त्याच सांगतात की ही जागा आता मोडा. निरोगी हाडात मोडणाऱ्याला स्वतःचा अधिकार नाही. तो अधिकार बांधणाऱ्याने दिलेला आहे, जागेपुरता आहे, मुदतीपुरता आहे, आणि तो परत घेण्याची सोयही बांधणाऱ्याच्याच हाती आहे.

आता ही व्यवस्था बिघडली म्हणजे काय होते ते पाहू. बिघाड दोन दिशांनी होतो, आणि आपल्या सभेतील दोन्ही पक्षांना त्यांत आपापले रूप पाहता येईल.

पहिला बिघाड सर्वांच्या परिचयाचा आहे. घरातील आजी ओल्या अंगणात पाय घसरून पडते आणि मांडीचे हाड खुब्याशी मोडते. डॉक्टर सांगतात, हाडे पोकळ झाली आहेत. या अस्थिसुषिरतेचा रजोनिवृत्तीशी संबंध आहे, हे बॉस्टनचे वैद्य फुलर अल्ब्राइट यांनी १९४० च्या सुमारास दाखवून दिले. स्त्रीच्या देहातील इस्ट्रोजेन नावाचा स्राव अस्थिभंजकांना आवरून धरतो. तो ओसरला की खळगे अधिक ठिकाणी पडू लागतात, आणि प्रत्येक खळगा भरताना थोडा उणा राहतो. ही तूट इतकी अल्प असते की ती वर्षानुवर्षे जाणवत नाही. दुखत नाही, सूज येत नाही. मात्र हाडाच्या आतील नाजूक जाळीतील एखादी तुळई पुरती तुटली, की तेथे नव्या बांधकामाला आधारच उरत नाही. कारण अस्थिजनक असलेल्या पृष्ठभागावरच थर चढवू शकतात, पोकळीत तुळई उभी करू शकत नाहीत. उशिरा केलेला पुष्कळ उपाय वेळीच केलेल्या थोड्या उपायाची बरोबरी करीत नाही, ते यामुळे.

दुसरा बिघाड याच्या उलट आहे. १९०४ साली हँबर्गचे अल्बर्स-श्योनबर्ग यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने एका विकाराचे वर्णन केले. त्यात हाडे संगमरवरासारखी घट्ट व शुभ्र दिसतात. येथे अस्थिभंजक आपले काम करीत नाहीत; जे एकदा बांधले गेले ते कधी मोडलेच जात नाही. रूढीला हात न लावणाऱ्याला हे आदर्श हाड वाटावे. प्रत्यक्षात ते ठिसूळ असते आणि सहज मोडते. विकार तीव्र असला तर मज्जेची पोकळी बुजत जाऊन रक्त तयार होण्यास जागा उरत नाही. कवटीतील छिद्रे अरुंद होऊन डोळ्यांच्या शिरा दाबल्या जातात आणि मूल आंधळे होते. औषधांच्या इतिहासातही याच सत्याची छाया पडलेली आहे. अस्थिभंजकांना रोखणारी बिस्फॉस्फोनेट वर्गातील औषधे १९९० च्या दशकापासून सर्रास वापरात आली आणि त्यांनी असंख्य वृद्धांचे अस्थिभंग टाळले, हे निर्विवाद आहे. परंतु २०१० साली अमेरिकेच्या औषध नियामक खात्याने इशारा दिला की, ती दीर्घकाळ घेणाऱ्यांपैकी क्वचित कोणाच्या मांडीचे हाड मामुली कारणानेही विचित्र रीतीने मोडल्याचे आढळले आहे. तेव्हापासून ठरावीक वर्षांनी औषधाचा फेरविचार करण्याकडे वैद्यांचा कल वाढला. (हे वाचून कोणी आपले औषध स्वतःच्या बुद्धीने बंद करू नये, तो निर्णय वैद्याचा.)

असो. आता मूळ प्रश्नाकडे वळू. हाडाच्या या वृत्तांतावरून मनुष्याच्या संस्थांविषयी काही शिकता येईल काय? सुज्ञ वाचक लगेच हरकत घेतील की, निसर्गात जे घडते ते मनुष्याने करावे, हा युक्तिवाद सदोष आहे. ही हरकत मला मान्य आहे. निसर्ग हा कायदे करणारा नव्हे. ज्या देहात ही सुंदर व्यवस्था आहे त्याच देहात कर्करोगही होतो. संधिवाताच्या एका प्रकारात सुजलेल्या सांध्यातील इतर कोशिका मोडण्याचा तोच हुकूम काढतात, जणू बनावट सही करून, आणि अस्थिभंजक तो निमूटपणे पाळतात. तेव्हा हाड हे आपले धर्मशास्त्र नव्हे. हाडाची साक्ष एवढ्यापुरतीच घ्यावयाची की, मोडणे व राखणे यांत स्वभावतः वैर आहे हे आपले गृहीत टिकत नाही. गृहीत कोसळल्यावर योग्य काय ते न्यायबुद्धीनेच ठरवावे लागेल.

आणि न्यायबुद्धीला या विषयात आपल्या परंपरेचे साहाय्य भरपूर आहे. जीर्णोद्धाराच्या विधीत मूर्तीला अथवा गाभाऱ्याला हात लावण्यापूर्वी देवतेचे तत्त्व कलशात आवाहन करून घेतात. त्याला कलाकर्षण म्हणतात. पुनःप्रतिष्ठेच्या संकल्पावाचून पाडकामाला आरंभ नाही, हा त्याचा अर्थ. जगन्नाथपुरीस नवकलेवराच्या वेळी, जसे १९९६ मध्ये व नंतर २०१५ मध्ये झाले, नव्या दारुमूर्ती घडवून तयार झाल्यावरच जुन्यांतील ब्रह्मपदार्थ त्यांत ठेवतात आणि मग जुन्या मूर्तींना भूमीत विसर्जित करतात. लाकूड बदलले, जगन्नाथ बदलला असे कोणी म्हणत नाही. कायद्यानेही हीच दृष्टी स्वीकारली आहे. प्रमथनाथ मल्लिक यांच्या १९२५ सालच्या दाव्यात प्रिव्ही कौन्सिलने ठरविले की, देवता ही कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती आहे, घरातील जंगम वस्तू नव्हे. १९९१ साली तर तामिळनाडूतील पत्तूर येथील भग्न चोळकालीन मंदिराला लंडनच्या अपील न्यायालयाने आपल्या नटराजमूर्तीसाठी दावा सांगण्यास पात्र मानले. भिंती पडल्या म्हणून ते मंदिर कायद्याच्या लेखी मेले नव्हते.

गोमंतकीयांना याहून जवळचे उदाहरण नको. सोळाव्या शतकात पोर्तुगीज अमलाखाली साष्टी, बार्देश व तिसवाडीतील देवळे पाडली गेली. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला गेली. त्यावेळी ज्यांनी पाडले त्यांच्यावर बांधण्याचे दायित्व नव्हते. ज्यांच्यावर ते होते त्यांना कोणी विचारले नव्हते. त्या पाडण्यातील अन्याय मला येथे दिसतो. एरव्ही अंत्रुज महालातील हीच देवळे पुढे वेळोवेळी मोडून विस्तारली गेली. त्याबद्दल कोणी शोक करीत नाही, कारण ते मोडणे बांधणाऱ्यांच्याच हातचे होते. दोन्ही प्रसंगी दगड हललेच होते. फरक होता तो अधिकाराचा आणि उत्तरदायित्वाचा.

यावरून मी असे प्रमेय मांडतो: मोडण्याचा अधिकार त्यालाच, जो पुन्हा बांधण्याला बांधलेला आहे. जो मोडून निघून जाणार, त्याला तो अधिकार नाही. आणि जो बांधण्याच्या जबाबदारीतून मोडू पाहतो, त्याला केवळ जुनेपणाच्या नावाखाली अडविण्याचाही अधिकार कोणास नाही.

परंतु या प्रमेयावर एक गंभीर आक्षेप येतो आणि त्याला टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. ज्यांना बांधण्याच्या वर्तुळात कधी घेतलेच नाही, त्यांचे काय? १९३० साली नाशिकच्या काळाराम मंदिरापुढे डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली जे सत्याग्रही उभे राहिले, ते देवळाचे विश्वस्त नव्हते. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपूरला प्राणांतिक उपोषण केले ते ज्यांच्यासाठी, त्यांची नावे कोणत्याही बडव्याच्या वहीत नव्हती. ‘तुम्ही बांधणारे नाही, म्हणून मोडू नका,’ असे त्यांना सांगावयाचे काय? तसे असेल तर हे प्रमेय म्हणजे मालकांच्या सोयीचा एक नवा कुलूपबंद दरवाजाच ठरेल.

याचे उत्तर, माझ्या मते, बांधणारा कोणाला म्हणावे यात आहे. नोंदवहीत ज्याचे नाव आहे तोच बांधणारा, ही व्याख्या तोकडी आहे. ज्याच्या खांद्यावर संस्थेचा भार आहे तो बांधणारा. देवळाचा चिरा ज्याने खाणीतून काढला, उत्सवात ज्याचे वाद्य वाजल्याखेरीज पालखी हालत नाही, पण ज्याला पायरीपाशी थांबविले गेले, त्याने भार वाहिलाच होता. ज्या स्त्रियांनी पिढ्यान्‌पिढ्या फुले वेचली, वाती वळल्या, नैवेद्य रांधला, आणि ज्यांचे मत सभेत कोणी विचारले नाही, त्यांनीही तो वाहिला आहे. भेग प्रथम त्यांनाच कळते, कारण ती त्यांच्याजवळ पडते. त्यांना ‘तुमचा संबंध काय’ असे विचारणारा मनुष्य संस्थेचा रक्षक नव्हे. आणखी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. माणसाचा अपमान करण्यासाठीच जी रूढी अस्तित्वात आहे, तिच्यावर छप्पर टेकलेले नसते. ती काढताना ‘तिच्या जागी काय बांधणार’ हा प्रश्नच अप्रस्तुत आहे; गाठ कापताना तिच्या जागी दुसरी गाठ कोणी बसवीत नाही.

भार या शब्दावरून एक सावधगिरीची सूचना करतो. अंतराळात राहणाऱ्यांच्या कमरेच्या हाडातून, व्यायाम व औषध यांचा पुरेसा बंदोबस्त नसेल तर, महिन्याला सुमारे एक ते दीड टक्का अस्थिद्रव्य कमी होते. भार नाही म्हणून देह तो खांब अनावश्यक समजतो. हे ऐकून ‘कष्टानेच माणूस टिकतो’ असे म्हणत दुसऱ्याच्या पाठीवर आणखी एक गोणी ठेवणारे लोक आहेत. घरातील सुनांना आणि म्हाताऱ्यांना हे तत्त्वज्ञान फार ऐकावे लागते. त्यांनी हेही ऐकावे की, नव्या सैनिकांना विश्रांतीशिवाय चालविले तर त्यांच्या पायाची धडधाकट हाडे तडकतात. आजीचे हाड पोकळ झाले ते तिच्या कर्तव्यात काही उणे होते म्हणून नव्हे. तिला चालायला आधार, पोटभर सकस अन्न, अंगावर ऊन आणि वेळीच तपासणी, एवढे देणे हे आपले कर्ज आहे.

तेव्हा पुढल्या वेळी जुना सभामंडप पाडण्याचा, उत्सवाचा क्रम बदलण्याचा किंवा घराची वाटणी करण्याचा ठराव समोर येईल, तेव्हा बाजूने किंवा विरुद्ध हात वर करण्यापूर्वी तीन गोष्टी विचारून घ्याव्यात. हे मोडणारे बांधून होईपर्यंत थांबणार आहेत काय? किती जागा आणि किती मुदत, हे ठरले आहे काय? आणि ज्यांच्यावर याचा भार पडतो, त्यांना, नोंदवहीत नाव असो वा नसो, विचारले आहे काय? तिन्हींची उत्तरे होकारार्थी आली तर पहिला चिरा काढण्यात पाप नाही. एकाचेही उत्तर नकारार्थी आले, तर ठराव त्या दिवसापुरता तहकूब ठेवावा आणि ज्यांना विचारावयाचे राहिले त्यांच्या घरी आधी जाऊन यावे.